उखाण्यातलं माझं नाव

आमच्या हिने जन्मात मला नावाने हाक मारली नाही. नाव घ्यायची ते फक्त उखाण्यात. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घेतलं, ते सुनेने मोबाइलवर भरून ठेवलं. वैशाखात ही गेली. आवाज म्हणावा तो तेवढाच उरला.

त्यात कुकरच्या शिट्ट्या, बायकांचा गलका. सून म्हणाली, बाबा, मी साफ करून देते. तिने तो कम्प्युटरात घेतला. ती एक ओळ लिहायची, मशीन लगेच उत्तर द्यायचं, मग पुढची ओळ. मी बाजूला बसून बघायचो. कळायचं काही नाही.

परवा सून बाड्यावरच्या बाजारात सामान आणायला गेली. मी एकटाच घरात. आणि पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. खुर्ची रिकामी! एक ओळ झाली, थांबली, मग दुसरी. घरात चोर शिरला तर काठी उचलता येते. ह्याला कुठे हाणणार? आणि ही त्याच डब्यात.

जन्मभर टेम्पो चालवला मी. धूर दिसला की आधी इंजिन बंद, मग बघायचं. भिंतीतली पिन उपटली. पडदा काळा झाला, आणि मग खरं भ्या वाटलं.

सून आली. ऐकून कपाळाला हात लावला. "बाबा, वो तो मेरी सहेली थी! ऑफिसातली, पुण्याची. मदत करत होती. तिकडे बसून नेटवरून ह्याच मशीनवर लिहिता येतं."

"म्हणजे घराची किल्ली पुण्याला दिलीस?"

"किल्लीच समजा. जिला दिली तीच येते."

"आणि आली की?"

"मग काहीही करू शकते. म्हणून भरवशाच्या माणसालाच द्यायची."

"मालक कोण ह्याचा?"

"कुणी एक नाही. हा प्रोग्राम जगभरच्या लोकांनी मिळून बनवलाय. कुणीही आत उघडून बघावं."

"बेवारस म्हण की."

ती हसली. "सब यही पूछते हैं, बाबा. नेटवर अशा प्रश्नांचं अख्खं पान आहे त्यांचं."

"मग हेही असेल. मध्येच बंद पडलं तर काय जातं?"

तिचं हसू गेलं. "फाइलीत ठेवलेलं राहतं. नुसतं मशीनच्या डोक्यात असलेलं जातं."

"मग ही कुठे होती?"

तिने पिन लावली.

"मोबाइलात असेल की."

"तो बदलला ना, बाबा."

मशीन उठायला वेळ लावत होतं. दवाखान्यात ही आत असताना दाराकडे बघत बसलो होतो, तसाच बसलो. तेव्हाही कुणी काही सांगत नव्हतं.

मूळ फाइल होती. साफ केलेलं तेवढं सगळं गेलं. सुनेने लावली. शिट्टी, गलका, कुणीतरी ओरडली, "घ्या की हो, आता काय लाजता!" मग ही. माझं नाव.

सुनेने लगेच आणखी दोन ठिकाणी ठेवून दिलं. मला मात्र टेम्पोतल्या कॅसेटी आठवल्या. फार वाजवली की घोगरी व्हायची, एक दिवस फीतच तुटायची.

"किती वेळा ऐकलं की हे झिजतं?"

"झिजत नाही, बाबा."

"त्या पानावर लिहिलंय?"

"असं कुणी विचारलंच नाही."

मी म्हटलं, बंद कर. ती रोज विचारते, लावू का? अजून लावू दिलेलं नाही.