नातीची दोन दिवसांची नोकरी: कोपर ते नौपाडा

मे महिन्यात माझ्या दहा वर्षांच्या नातीला, मुक्ताला, ठाण्यात दोन दिवसांची नोकरी लागली. पगार नाही, उलट फी आपणच भरायची. मला शहाडच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मी नववी नापास होतो आणि आईने चाळीत पेढे वाटले होते. मुक्ताच्या नोकरीचं पत्र तिच्या आईच्या फोनवर आलं. आठ ते बारा वर्षांच्या मुलांनी ऑफिस-ऑफिस खेळत स्वतःची धून रचायची, शनिवार-रविवार, दहा ते पाच, डबा घरून आणावा, असं त्यात होतं.

मुलाला आणि सुनेला दोघांनाही दोन्ही दिवशी कामावर जायचं होतं. खऱ्या नोकऱ्यांमुळे खोट्या नोकरीला सोडायला कुणी उरलं नाही, म्हणून मी. माझ्यावर सोपवताना सूनबाई म्हणाली, "बाबा, फक्त काळजी करू नका." हे म्हणजे मला घरीच थांबा म्हणण्यासारखं झालं.

ज्यांना नातवंडांना घेऊन असं कुठे जायचं असेल त्यांच्यासाठी तयारी सांगतो. पाण्याच्या दोन बाटल्या, छत्री, दोघांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स, ग्लुकोज, माझ्या गोळ्या, पायजम्याची जादा नाडी. मुक्ताने विचारलं, नाडी कशाला? मी म्हटलं, लागते कधी कधी. दोन दिवसांत लागली नाही हे प्रामाणिकपणे नोंदवतो. एक दिवस आधी मी मोठागावला जाऊन रिक्षा कुठे मिळते आणि पुलाकडे कसं वळायचं तेही बघून आलो होतो.

आम्ही राहतो कोपरला, डोंबिवली पश्चिमेत. लोकल आहे, पण त्या गर्दीत पोर घेऊन चढायची मला काळजी. पूर्वी इथून रस्त्याने ठाण्याला जायचं म्हणजे कल्याणला किंवा शिळफाट्याला मोठा वळसा. आता मोठागावहून खाडीवरच्या पुलाने थेट माणकोली, तिथून महामार्गाने माजिवडा. सगळे म्हणतात पुलामुळे ठाणं जवळ आलं. माझ्या मते ठाणं होतं तिथेच आहे, फक्त माणूस घाबरायच्या आत पोहोचतो.

रिक्षावाला मोठागावचाच, पन्नाशीचा, आगरी. साडेतीनशे सांगितले, तीनशेवर तयार झाला. पुलावर हवा एवढी की छत्री मांडीखाली दाबून धरावी लागली. खाली भरतीचं पाणी, कडेला खारफुटी, पलीकडे गोदामांची पत्र्याची छपरं. "आमचा आजा होरीनं जायचा पलीकरं," तो म्हणाला. होरी म्हणजे होडी. मी विचारलं, किती वेळ लागायचा? तो म्हणाला, "पान्यावर हाय ते. पानी सांगंल तवा."

मुक्ता दोन्ही दिवशी जाताना पुलावर नाकातल्या नाकात गुणगुणत होती. ती गात नाही. गाण्याच्या क्लासमधून तिला दोनदा परत आणलं आहे, कारण बाईंनी शिकवलेलं सोडून ती स्वतःचंच काहीतरी लावते. घरी एक छोटी पेटी आहे, तिच्यावर एका बोटाने वाजवते. पहिल्या दिवशी रिक्षात तिने मला या नोकरीतली खरी गोष्ट सांगितली. रविवारी पाच वाजता खरे वादक येणार होते. गिऱ्हाईकाने पास केलेल्या धुना ते वाजवणार. "आणि नापास झाली तर?" मी विचारलं.

"फाइलला लागणार."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी वाजवणार नाही, आबा. मला ती बासरीवर ऐकायचीये. मी अजून ती माझ्या बाहेर ऐकलीच नाहीये."

माजिवड्याला आम्ही वीस मिनिटं उभे होतो. तिथला पूल ओलांडायला आमच्या खाडीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे हिशेबात धरून निघा.

नौपाड्यातल्या जुन्या इमारतीचा पहिला मजला. जिना अरुंद, कठडा हलतो, नातवंडाचा हात धरा. चालवणाऱ्या केतकी मॅडम, वय तिशीच्या आत, खांद्याला पिशवी आणि पिशवीत शिक्के. दारात मुलांनी हजेरीपटावर सही करायची. आमच्या सगळ्या आजी-आजोबांना मागे बाकावर बसवलं आणि सांगितलं, कार्यालयात नातं नाही, इथे कुणी कुणाला हाक मारायची नाही. बारा मुलं, तीन-तीनचे चार विभाग. प्रत्येक विभागाला एक गिऱ्हाईक. एका सोसायटीला लिफ्टमध्ये वाजवायला धून हवी होती, एका दुकानाला उद्घाटनासाठी, एका शाळेला घंटेऐवजी. मुक्ताच्या विभागाला आला दवाखाना. मागणी अशी: पेशंट बसतात त्या खोलीत वाजवायला एक मिनिटाची धून, घाबरलेल्या माणसाला बरं वाटेल अशी. चिठ्ठ्या टाकल्या त्यात मुक्ता धूनकार झाली. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही, नियम होता. कान मात्र लाल झाले.

मला हे सगळं पोरखेळ वाटणार होतं, आणि मग मी स्टोअर पाहिलं. खोलीच्या कोपऱ्यात एक टेबल, त्यामागे रिद्धी नावाची चष्मिस मुलगी, विभागांबाहेरची तेरावी, आणि तिच्याकडे स्वर. प्रत्येक विभागाला चिठ्ठी देऊन पाचच स्वर मिळणार. सहावा हवा असेल तर तो कुठे लावणार ते लिहून द्यायचं. लिफ्टवाल्या विभागाने लिहिलं, "छान वाटतो म्हणून." रिद्धीने कागद परत केला. "छान वाटतो हे कारण नाही. जागा लिहा." मी शहाडला बत्तीस वर्षं स्टोअरमध्ये काढली. असा माणूस मला तिथे एक मिळाला नाही. तिथे साहेबाचा माणूस आला की बेअरिंग चिठ्ठीशिवाय जायचं.

जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या टेबलावरची यादी वाचली. जुनी सवय. स्टोअरची यादी वरून सगळेच वाचतात. पडून राहिलेला माल शेवटच्या ओळीत असतो. शेवटची ओळ होती: "गप्प राहणे – हवे तितके, चिठ्ठी नको." समोरचा रकाना कोरा. दिवसभरात कुणी काही नेलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत मुक्ताची धून झाली. पाच स्वर, खालून वर जाणारी, पुन्हा खाली येणारी, अगदी पाळण्यासारखी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या आजींना डुलकी लागली, म्हणजे गुण आलाच म्हणायचा. परतीच्या रिक्षात मी मुक्ताला म्हटलं, यादीतली शेवटची ओळ कुणी वाचली नाही वाटतं. ती म्हणाली, "आबा, त्यात काहीच नव्हतं." विषय तिथे संपला.

रविवारी लवकर निघा, माजिवडा मोकळा मिळतो. आम्ही पावणेदहाला पोहोचलो, आणि तिथे घात झाला. दवाखान्याचं गिऱ्हाईक म्हणून येणार होत्या त्या खऱ्या डॉक्टर होत्या आणि त्यांच्या खऱ्या दवाखान्यात गर्दी झाली होती. केतकी मॅडम बाकावरच्या आम्हा म्हाताऱ्यांकडे बघत आल्या. "तुमच्यापैकी दवाखान्यात नेहमी कोण जातं?" सगळ्यांनीच हात वर केला. मग त्यांनी विचारलं, तिथे घाबरतं कोण? माझा एकट्याचा हात वर राहिला.

मी सांगितलं की नात याच विभागात आहे, बरं दिसणार नाही. त्या म्हणाल्या, "कार्यालयात नातं नाही," आणि मला खुर्ची दिली. टेबलावर एक छापील कागद: धून मंजूर, नामंजूर, कारण, सही. उभ्या आयुष्यात मी साहेबाला विचारल्याशिवाय पावतीवर सही केलेली नाही. मी पाणी प्यायला हात मागे नेला. पाण्याची बाटली बाकावर राहिली होती.

धून वाजली. छानच होती.

"सर, आपल्याला धून कशी वाटली?" मुक्ताने विचारलं. घरी ती मला अरे-तुरे करते.

"चांगली आहे."

"मग सही करा."

मी पेन काढलं. आणि डोळ्यांसमोर कोपरच्या आमच्या डॉक्टरांचं बाकडं आलं. तोंडातून निघून गेलं, "पण मी तिथे बसलेला असेन तर उठून ही बंद करायला सांगेन."

मुक्ता टेबलाला वळसा घालून माझ्या कानाशी आली. "आबा, तू काय करतोयस?"

मागून केतकी मॅडमचा नुसता खाकरण्याचा आवाज आला. मुक्ता परत आपल्या जागी गेली, वही उघडली आणि म्हणाली, "सर, आपली नेमकी अडचण काय आहे?"

हा प्रश्न मला आजवर डॉक्टरांनीही इतक्या सरळ विचारलेला नाही. मग मी सांगत गेलो. दर महिन्याला ब्लडप्रेशर दाखवायला जातो. बाकावर बसलो की माझा कान दाराकडे असतो. कंपाउंडर नाव एकदाच पुकारतो, तेही पुटपुटल्यासारखं. ऐकलं नाही तर पुढचा माणूस आत. एकदा पंखा मोठ्याने फिरत होता म्हणून माझा नंबर गेला आणि मी तासभर जास्त बसलो, तेव्हापासून मी पंख्याखाली बसत नाही. "तुमची धून एकदा सुरू झाली की थांबतच नाही. माझं नाव तिच्याखाली जाईल. मला बरं कसं वाटणार?"

त्यांच्या विभागात ताल धरणाऱ्या मुलाने हळू वाजवायची तयारी दाखवली. मी म्हटलं, हळू वाजली तरी चालूच राहणार ना.

मुक्ताने सगळं लिहून घेतलं. कागदावर मी "नामंजूर" वर खूण केली. खूण चौकटीत बसली.

जेवायला ती माझ्याजवळ आली नाही. रिद्धीबरोबर बसली. मी खाली उतरलो आणि कोपऱ्यावर मिसळ खाल्ली. मिसळ उत्तम आहे, कट जपून मागा. मला पित्त आहे, तरी मी दुसऱ्यांदा कट घेतला. वाटत होतं, दहा वर्षांच्या पोरीची एक धून, "फार छान" म्हणून सही केली असती तर कुणाचं काय अडलं असतं? माझं नाव थोडंच त्या खोलीत कुणी पुकारणार होतं. पुढे काहीही वाजवलं तरी सही करायची, असं ठरवूनच मी जिना चढलो.

वर आलो तर मुक्ता स्टोअरच्या टेबलाशी उभी होती. रिद्धी यादीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणत होती, "ह्याला चिठ्ठी लागत नाही. पण कुठे लावणार ते सांग, मला लिहायला लागेल."

"प्रत्येक ओळीनंतर एक," मुक्ता म्हणाली. "आणि मधली मोठी."

रिद्धीने कोऱ्या रकान्यात पहिल्यांदा काहीतरी लिहिलं.

वादक अर्धा तास आधीच, साडेचारला आले. बासरीवाले आणि तबल्यावर एक जण, दोघांनाही सहाला दुसरीकडे पोहोचायचं होतं. लिफ्ट, दुकान, शाळा यांच्या धुना वाजवून झाल्या आणि पाचला दहा कमी असताना आमचा विभाग पुन्हा माझ्यासमोर आला. मुक्ताने तिथल्या पेटीवर पहिली ओळ वाजवायला घेतली आणि मी पेनाचं टोपण काढलं.

ती थांबली. "सर, ऐकून मग सही करा. नाही तर नको."

"वेळ थोडा आहे," मी म्हटलं.

"मला माहितीये. ऐका."

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ओळ वर गेली, खाली आली आणि थांबली. संपली नव्हती, थांबली होती. त्या थांबण्यात खालच्या रस्त्यावरचा हॉर्न आला, जिन्यावर कुणाच्या तरी चपला वाजल्या. पुढची ओळ आली, पुन्हा थांबली. मोठी जागा आली तेव्हा माझी मान आपोआप वर झाली आणि मी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. धून पुढे निघाली आणि मी परत तिच्याकडे आलो. मुक्ताचं लक्ष पेटीवर नव्हतंच, ती माझ्या मानेकडे बघत होती.

मी "मंजूर" वर खूण केली, कारणात लिहिलं "नाव ऐकू येईल" आणि सही केली. साहेबाला न विचारता.

तबल्यावर आच्छादन पडलं होतं, ते पुन्हा निघालं. बासरीवाल्यांनी धून एकदा ऐकली आणि सुरू केली. पेटीवर लाकडी वाटणारे तेच पाच स्वर, आणि माझ्या अंगावर काटा आला. ओळ संपली तशी सवयीने त्यांनी रिकाम्या जागेत दोन सुंदर हरकती घेतल्या. सगळ्या आज्या "वा" म्हणाल्या.

"काका, थांबा," मुक्ता म्हणाली.

मी खुर्चीत अर्धा उठलो. पन्नाशीचा माणूस, जायच्या घाईत, आणि ही त्याला थांबवते.

"तिथे वाजवायचं नाहीये. तिथे नाव पुकारतात."

त्यांनी बासरी ओठांपासून खाली घेतली. मला वाटलं, आता पिशवी उचलणार. ते म्हणाले, "बरं. किती वेळ थांबू?"

मुक्ताने विचार केला. "कुणीतरी मान वर करेल इतका."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवलं, आणि दर ओळीनंतर थांबले. मोठ्या जागेत तर आख्ख्या खोलीने मान वर केली. मुक्ताने तेवढे डोळे मिटून घेतले होते.

येताना रिक्षा मिळेना. कल्याणची बस मिळाली, माणकोलीवरून कोनगाव, दुर्गाडीचा पूल, मग कल्याणहून रिक्षाने घरी. दीड तास जास्त लागला, बसायला जागा मिळाली. मुक्ता खिडकीशी गुणगुणत नव्हती, हे माझ्या लक्षात दुर्गाडीला आलं. मी काळजीने विचारलं, राग आहे का अजून? ती म्हणाली, "नाही रे आबा. आता ती बाहेर आहे ना, ऐकतेय."

घरी सूनबाईने विचारलं, काय शिकवलं? मुक्ता म्हणाली, "यादी शेवटपर्यंत वाचायची." सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या फीमध्ये तिची अपेक्षा बहुधा एखाद्या रागाची असावी.

त्याला आता तीन आठवडे झाले. परवा मी ब्लडप्रेशर दाखवायला गेलो. नेहमीचं बाकडं, पंख्यापासून दूर. तिथे धून वगैरे काही नाही, भिंतीवर टीव्ही आहे, तोही बंद. मी मनातल्या मनात मुक्ताची धून सुरू केली. पहिली ओळ, थांबलो, नाव आलं नाही. दुसरी ओळ, थांबलो, दुसऱ्याच कुणाचं आलं. मोठ्या जागेत कंपाउंडर पुटपुटला आणि मला ते स्वच्छ ऐकू आलं. माझंच होतं.

मी हात वर करून त्याला सांगितलं, आलोच, आणि शेवटची ओळ संपेपर्यंत बसून राहिलो.