डिस्क कपाटात होती

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. मी याद्या करणारी बाई आहे. किराणा, औषधं, गॅसची तारीख, पाण्याच्या टँकरची वेळ... सगळ्याची नोंद असते. म्हणून जे घडलं ते त्याच क्रमाने सांगते.

घर तांबरमला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, पहिला मजला. मी मूळची साताऱ्याची. सासर तंजावरकडच्या मराठी कुटुंबातलं. सासरे, म्हणजे अप्पा, निवृत्त शिक्षक. घरातली जुनी मराठी नातवंडांना येत नाही म्हणून त्यांनी शब्दांची यादी करायला घेतली. भांड्यांची नावं, सणाचे पदार्थ, लेकरांना रागवायचे प्रकार... ते सांगायचे, मी टाइप करायची. रोज सकाळी साडेदहा ते बारा. चार वर्षं.

कॉम्प्युटर जुना. त्यावर विंडोजची नवी आवृत्ती चालेना, म्हणून मी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. सोपं नव्हतं. अपडेट झालं की वायफाय गायब. प्रिंटर निम्मं पान छापून थांबायचा. जोडाक्षरं फुटायची. प्रत्येक अडचण मी वहीत लिहिली आणि पुढे उपाय लिहिला. अडचण तेविसावी – आवाज फक्त डाव्या बाजूने येतो. उपाय सापडला नाही. "उजव्या कानाने मला तसंही ऐकू येत नाही, पुढची अडचण घे," अप्पा म्हणाले.

धाकटे दीर, रघुभावजी, येतील तेव्हा त्यांचा टोमणा ठरलेला. "वैनी, फुकटचं ते फुकटच! दारात गाडी मिळते, आणि तुम्ही बैल जुंपून बसल्यात."

अप्पा गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी मी बहिणीला गाडीत बसवून द्यायला एग्मोर स्टेशनला गेले होते. त्या दिवशी भावजींना मुलीचा कॉलेजचा फॉर्म छापायचा होता. आमचा प्रिंटर ऐकेना. त्यांनी कोणाकडून तरी कुठलीशी जुनी विंडोज आणली आणि कॉम्प्युटरवर चढवली... सगळी डिस्क पुसून. 'यावरचं सर्व नष्ट होईल, चालेल का?' असं यंत्र विचारतं. ते 'होय' म्हणाले. मी परत आले तेव्हा फॉर्म छापून तयार होता.

बॅकअप? होता ना. त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात. ही चूक माझी.

पण भावजींनी सगळीच चूक माझी करून टाकली. साऱ्या नात्यात सांगितलं, "वैनींच्या फ्री सिस्टिमने अप्पांची यादी गिळली. मी होतो म्हणून मशीन तरी वाचलं." मी डिस्क काढून पुसलेला डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे नेली. आठवड्याने त्याने नकारार्थी मान हलवली. ती डिस्क घरी आणून लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं. कॉम्प्युटर तसाच डिस्कविना झाकून ठेवला. हे कोणालाही सांगितलं नाही, कारण मला त्याचा उपयोग करायचा होता.

वर्षश्राद्धाला सगळे जमले. जेवणं झाली, दुपारचे अडीच वाजलेले. भावजी लुंगीसारखी नेसलेली वेष्टी सावरत पुन्हा तीच गोष्ट रंगवायला लागले. मी म्हटलं, "भावजी, तुम्ही वाचवलेलं मशीन एकदा सगळ्यांना चालवून दाखवा ना. मला काही जमत नाही."

"बघा आत्या, शेवटी काम माझ्याकडेच आलं!" अप्पांच्या बहिणीकडे, कावेरीआत्यांकडे बघत ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

डिस्क नसेल तर स्क्रीनवर एकच ओळ येते, 'डिस्क सापडत नाही'. चारचौघांत त्यांच्यावर तोंड वासून बसण्याची पाळी यावी, म्हणून मी त्या ओळीची दहा महिने वाट पाहत होते.

ती ओळ आलीच नाही. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर चढल्या... लिनक्सच्या. मग अप्पांचं नाव. मग यादी.

पासवर्ड कोणी टाकला नव्हता. पानं आपोआप सरकत होती, वाचता येईल इतक्या सावकाश. आत्या चष्मा लावून पुढे आल्या. "अय्यो, वेळणी! ताटलीला आमची आई म्हणायची की रे... आणि तें बघ, तें!" भावजींनी माऊस हलवला. बटण दाबून धरलं. शेवटी प्लग ओढला. पानं सरकतच राहिली.

यादी उतरवून घ्यायला मी ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढला. कॉम्प्युटर दोन पावलांवर होता. तेवढ्यात आत्यांनी विचारलं, "रघ्या, यादी तर इथंच आहे. गिळली म्हणून कां सांगितलास?"

भावजींच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळलं. मी जागच्या जागी थांबले, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत.

"प्रिंटर चालेना म्हणून..."

"म्हणून काय?" हे मी विचारलं.

"पुसलं."

"कोणी? आत्यांना ऐकू आलं नाही."

"मी, वैनी! मीच पुसलं!"

स्क्रीन काळा झाला.

मी कपाट उघडलं. डिस्क कागदात गुंडाळलेली, तशीच. प्लग जमिनीवर. कॉम्प्युटरला दुसरं काहीही जोडलेलं नाही. दोन जाणकारांना विचारलं. एक म्हणाला, आत थोडी वीज शिल्लक राहते. राहत असेल, पण त्या विजेवर अप्पांची यादी कुठून आली? दुसरा नुसताच हसला.

भावजी आता नात्यात स्वतःहून खरं सांगतात. सांगताना त्यांची मान खाली जाते. मला त्यांची दया येत नाही. आत्यांना आठवले तेवढे शब्द लिहून घेतले – चौदा. चार वर्षांच्या कामातले चौदा.

यजमानांनी एकदाच विचारलं, "हातात पेनड्राइव्ह होता, लावला का नाहीस?" त्या दुपारी काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. आणि उद्या पुन्हा ती यादी समोर आली, पलीकडे तो घामाघूम चेहरा असला, तर मी कुठे बघेन... तेही खात्रीने सांगता येत नाही.