बारोनला कळणारी भाषा

झुल्मा माझ्या दारात आली तेव्हा मी पाय पसरून कॉफी पीत बसलो होतो. आल्या आल्या म्हणाली, "ओदीलभाऊ, मला घोड्यावर बसायला शिकवा."

"कुठल्या घोड्यावर?"

"आमच्या बारोनवर."

मला ठसकाच लागला. बारोन म्हणजे ब्राबांत जातीचा भारी घोडा. मूळचा नांगर ओढणारा, आणि पाठ जेवणाच्या टेबलाएवढी रुंद. झुल्मा अठ्ठावन्न वर्षांची, अंगानं भरलेली, जन्मात कधी गाढवावरही न बसलेली. आमच्या किनाऱ्यावर कोळंबी घोड्यावरून धरतात. ओहोटीला घोडा छातीभर पाण्यात चालवायचा आणि मागून जाळं ओढायचं. हे काम बाप मुलाला शिकवतो, माझ्या बापानं मला शिकवलं. बायकोला कोणी शिकवल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"आणि फिर्मिन?" मी विचारलं. फिर्मिन म्हणजे तिचा नवरा.

"गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याला चढता येत नाही. म्हणतो, बिनकामाचा घोडा मी पोसणार नाही. जत्रा झाली की सोमवारी खाटीक येणार आहे. शिंगरू होता तेव्हा बाटलीनं दूध पाजलंय हो मी त्याला. जत्रेत कोळ्यांची परीक्षा असते ना? ती मी पास झाले तर बारोन माझ्याबरोबर कामाला जाईल. फिर्मिननं सगळ्यांसमोर कबूल केलंय तसं. हसत हसत केलंय, पण केलंय."

बिचारी सगळीकडे हिंडून आली होती. शहरातल्या घोडेस्वारीच्या शाळेत तिला वजनकाट्यावर उभं केलं, मग त्यांच्या सडपातळ घोड्यांकडे बघून कॉफी पाजली आणि परत पाठवलं. गावातले बाकीचे कोळी सगळे फिर्मिनचे दोस्त. एकानं तर तिला आधी स्टुलावर नीट बसून दाखवायला सांगितलं.

फिर्मिनचं आणि माझं कबुतरांच्या शर्यतीवरून बिनसलेलं. कित्येक वर्षांत एकमेकांशी बोललो नाही. त्याची फजिती करायची संधी आयती चालून आली होती, मी कशाला सोडतो? परोपकार वगैरे काही नाही, साफ सांगतो.

वाळूच्या टेकड्यांपलीकडे, जिथं कुत्रं फिरकत नाही, तिथं आमची शिकवणी सुरू झाली. फिर्मिनला तिनं सांगितलं होतं, बारोनला पाय मोकळे करायला नेते. पहिल्या दिवशी मी पेट्यांवर पेट्या रचल्या, झुल्मा वर चढली, आणि बारोनच्या दुसऱ्या बाजूनं सरळ खाली उतरली, म्हणजे पडली.

"लागलं का?"

"वाळूला विचारा!" ती कपडे झटकत म्हणाली आणि पुन्हा पेट्यांवर चढली. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई सोडणारी नाही.

आठवड्याभरात ती लाकडी खोगिरावर टिकायला लागली. लगाम समजला, वळवणं समजलं. अडचण एकच राहिली. बारोन पाण्यापर्यंत ऐटीत जायचा आणि पहिली लाट खुराला लागली की खांबासारखा उभा राहायचा. झुल्मा टाचा मारी, गाजर दाखवी, विनवण्या करी. "चल रे माझ्या सोन्या, चल ना राजा." सोन्या डोळे मिटून झोपायचा.

त्याला काय हवंय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण तीन दिवस मी मजा बघितली. मग म्हटलं, "झुल्मा, अगं हा घोडा आहे, त्याला अंगाई कसली म्हणतेस? शिव्या दे."

"अय्या! शिव्या?"

आता पंचाईत अशी की पाण्यात बोललेलं किनाऱ्यावर सांगायचं नाही, हा आमच्या कोळ्यांचा रिवाज. मी तो मोडला. फिर्मिन, जो मिरवणुकीत मेरीमातेची पालखी खांद्यावर घेतो, जो घरात "शी" म्हणत नाही, तो पाण्यात शिरताना अशा शिव्या द्यायचा की खेकडे बिळात पळावेत. बारोनला वाटे, चल म्हणायची हीच पद्धत.

झुल्मा चर्चमध्ये भजनं म्हणणारी. तिची पहिली शिवी होती "लबाड कुठला". बारोननं एक कान हलवला.

"अगं, जरा पोटातून! म्हण, मुडद्या!"

"मुडद्या," ती पुटपुटली आणि लगेच क्रूसाची खूण केली.

मग ती घरी कोळंबी सोलता सोलता ओठातल्या ओठात सराव करायला लागली. फिर्मिनला वाटलं, बाईची भक्ती वाढली. पण किनाऱ्यावर आली की तिची दातखीळ बसायची. जत्रेचा दिवस उजाडला तरी बारोननं तिच्या हाताखाली गुडघाभर पाणी पाहिलं नव्हतं.

अख्खा गाव वाळूवर जमला होता. तीन म्हातारे परीक्षक खुर्च्या टाकून बसले होते. शेजारी पाद्रीबाबा, आणि धक्क्याच्या पायरीवर काठी टेकून फिर्मिन. झुल्मा पिवळ्या कोटात बारोनवर चढली, टोपल्या दोन्ही बाजूंना, जाळं मागं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बारोन ऐटीत निघाला आणि पाण्याच्या काठावर थबकला.

"चल ना रे," झुल्मा हळूच म्हणाली. मी लांबून खुणा करत होतो. तिनं पाद्रीबाबांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

तेवढ्यात फिर्मिन हसला. त्याला कारण माहीत होतं ना! मोठ्यानं म्हणाला, "उतर आता, झुल्मा! सोमवारी खाटीक येतोच आहे."

झुल्मा खोगिरावर गर्रकन वळली.

"हसतोस काय मुडद्या!" तिचा आवाज पार टेकड्यांपर्यंत गेला. "अरे हरामखोरा, सडक्या माशा, इतकी वर्षं तुझे ओले मोजे वाळवले, तुझी कोळंबी सोलून बोटांची सालं गेली, आणि माझं लेकरू खाटकाला देतोस? नरड्यात खेकडा अडकेल तुझ्या, नालायका!"

शिव्या फिर्मिनला होत्या. पण बारोनला काय कळतं? तो निघाला. गुडघा, पोट, छाती, सरळ समुद्रात. पुढचं तिनं जे जे ऐकवलं ते वाऱ्यावर तुटक तुटक येत होतं, आणि एक परीक्षक हसून हसून खुर्चीसकट उलथा झाला.

ती परतली तेव्हा टोपली अर्धी भरली होती. परीक्षकांनी एकमतानं पास केलं. पाद्रीबाबा म्हणाले, "वारा फार होता, मला काही ऐकू आलं नाही."

मग फिर्मिन लंगडत पुढं आला. मी तर पुढंच सरकलो, त्याचं तोंड जवळून बघायला.

"रागावलास?" झुल्मा वरून म्हणाली. "काय करू, आत गेल्यावर थांबताच येईना. भीती वाटत होती रे. पायाखाली नुसतं काळं पाणी."

"मग मी काय हौसेनं शिव्या देत होतो?" फिर्मिन म्हणाला.

झुल्मा खोगिरावरून खाली वाकली. "रोज वाटायची?"

"रोज."

"आणि मला एकदाही सांगितलं नाहीस?"

फिर्मिननं बारोनचा लगाम धरला. "तू सकाळी दारात उभी राहून हसून निरोप द्यायचीस," तो म्हणाला. "तुला कळलं असतं तर माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला नसता."