हिराबायची सून

आयसीयूच्या दारातून "सात नंबरचे नातेवाईक कोण?" अशी हाक आली की माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या काकू जागच्या हलत नसत. ऐकू आलेलं असायचं. दुसरी हाक आली की पदर खोचत उठायच्या आणि दारापाशी जाऊन सावकाश सांगायच्या, "सात नंबर नाय गो बाय, हिराबाय. माझी सासू. मी हिराबायची सून." काही दिवसांनी दारातली मुलगीच "हिराबाईंच्या सूनबाई" अशी हाक मारायला लागली. त्या दिवशी काकू पहिल्या हाकेला उठल्या.

माझे बाबा शेजारच्याच खाटेवर होते. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. मी कामोठ्याहून सकाळी यायचे आणि बाहेरच्या खुर्च्यांवर दिवसभर बसून राहायचे. दुपारी डॉक्टर दाराशी येऊन एकेकाला आतली खबर सांगत. माझ्या वाट्याला रोज "स्टेबल आहेत" एवढंच यायचं. मी थँक यू म्हणून परत फिरायचे आणि खुर्चीत बसल्यावर लक्षात यायचं की आपल्याला काहीच कळलेलं नाही. आई नाही, भाऊ परदेशात. संध्याकाळी त्याचा फोन आला की मीही त्याला "स्टेबल आहेत" असंच सांगायचे.

काकू उरणजवळच्या जासई गावच्या. उंच, सावळ्या, हातात भरगच्च सोन्याच्या बांगड्या. मुलांचे दोन ट्रेलर कंटेनर यार्डात चालत होते. आवाज असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावा. सिक्युरिटीवाल्याने एकदा हळू बोलायला सांगितलं, तर म्हणाल्या, "आमचे गावान दिवसभर कंटेनरच्या गाड्या. हलू बोलला तर घरान कोन आयकनार?" दुपारी त्या तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याचा डबा उघडायच्या. वास पसरला की तोच सिक्युरिटीवाला लगबगीने यायचा. आधी ओरडायला येत होता, पुढे खायला.

एकदा डॉक्टर त्यांनाही "स्टेबल आहेत" म्हणाले. तरुण डॉक्टर होते, डोळ्यांत झोप नव्हती. काकूंनी विचारलं, "ठेबल म्हंजे काय? कालच्यापक्षा बरी, का वाईट, का हाय तशीच?"

डॉक्टर म्हणाले, "छाती कालच्यापेक्षा बरी आहे. पण हाक मारली तर प्रतिसाद देत नाहीत, त्याची काळजी वाटते."

"कुठल्या कुशीला उभं रावून हाक मारतान?"

"म्हणजे?"

"उजवा कान गेलाय तिचा. डावे अंगाशी जावून 'हिराबाय' बोला. आजी बोलाल तर नाय वो देनार, तिला आजी बोललेला आवडत नाय."

डॉक्टर आत गेले. थोड्या वेळाने एक सिस्टर हसत बाहेर आली आणि म्हणाली की म्हाताऱ्या बाईंनी डोळे उघडले, वर "कोन हाय?" म्हणून विचारलंसुद्धा. काकूंनी खुर्चीत बसून पदराने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिल्या.

"आदी आपुन सांगाचा, मंग इचाराचा," त्या मला नंतर म्हणाल्या. "त्या पोरींना काय म्हायती आपला मानूस कसा? त्यांनी तिला पयल्यांदा बगली ती झोपलेलीच."

त्याच आठवड्यात बाबांचं बिघडलं. शुद्धीवर आले, पण भ्रमात. नळ्या ओढत, कुणी जवळ आलं की हात झटकत. शेवटी त्यांचे हात खाटेला बांधावे लागले. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पुन्हा झोपेचं औषध द्यावं लागेल, कदाचित परत व्हेंटिलेटरही. मी काकूंजवळ येऊन बसले आणि जन्मभर कुणाशी आवाज चढवून न बोललेले माझे बाबा नर्सला लाथ मारतात, हे सांगताना मला रडू फुटलं.

काकूंनी मला रडू दिलं. मग विचारलं, "घरान सकाली उठल्याव पयला काय करतो तुझा बाप?"

"चष्मा शोधतात," मी म्हणाले. "त्याच्याशिवाय त्यांना समोरच्याचं तोंडही दिसत नाही."

"मंग आता हाय कुठं चष्मा?"

तो माझ्या पर्समध्ये होता. ऑपरेशनच्या आधी तिथल्याच कुणीतरी काढून माझ्या हातात दिला होता. काकूंनी मला दंडाला धरून उठवलं. "जा. सांग त्यांना. समदा सांग."

मी दार वाजवलं. सिस्टरला चष्मा दिला आणि पहिल्यांदाच धडाधड बोलले. बाबा बँकेत कॅशियर होते, त्यांना हिंदी नीट येत नाही, त्यांना देशपांडे म्हटलेलं आवडतं, न सांगता अंगाला हात लावलेला चालत नाही. सिस्टर सगळं ऐकून म्हणाली, "हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं हो. आम्ही 'बाबा, बाबा' करत होतो."

एका रात्रीत चमत्कार झाला नाही. पण बाबा हळूहळू निवत गेले. दुसऱ्या दिवशी एक हात सोडला, मग दुसरा. एका सकाळी सिस्टर आपणहून बाहेर आली आणि म्हणाली, "देशपांडे काका विचारतात, भिंतीवरचं घड्याळ मागे का आहे?" मी तिथेच हसले. संध्याकाळी भावाच्या फोनवर मला सांगायला इतकं होतं की तो म्हणाला, "अगं, जरा दमाने."

हिराबाई आमच्याआधी घरी गेल्या. बऱ्या होऊन नव्हे. वय फार झालं होतं, छाती पुन्हा भरत होती. काकूंनी डॉक्टरांना दारातच गाठलं आणि म्हणाल्या, "तिला घरी नेली तर काय काय होल ता सांगा. चांगला पन सांगा, वाईट पन सांगा. मी रडेन, पन तुमचेवर ओरडनार नाय."

डॉक्टरांनी एक खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले. मी त्यांना बसलेलं तेव्हाच पाहिलं. खूप वेळ बोलत होते. काकू रडल्या, ओरडल्या नाहीत. निघताना त्यांनी माझा नंबर घेतला, सिक्युरिटीवाल्याला कधीतरी गावाकडे जेवायला ये म्हणून सांगितलं आणि रुग्णवाहिकेत सासूजवळ जाऊन बसल्या.

दिवाळी होऊन गेल्यावर त्यांचा फोन आला. "हिराबाय गेली गो," म्हणाल्या, आणि मी काही विचारायच्या आत सगळं सांगितलं. आज सकाळी पेज घेतली, मीठ जास्त झालं म्हणून सुनेला बोलली. दारात खुर्ची टाकायला लावली, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी केली. लेक उरणहून आली होती, तिच्याशी बोलली. दुपारी आडवी झाली ती उठली नाही. "तरास नाय झाला तिला. तुला कलवाया पायजे होता म्हनून फोन केला." मग नाक ओढून म्हणाल्या, "तुझा बाप काय करतो?"

मी सांगायला लागले. वजन वाढलंय, जिना चढतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून भांडून आले, डॉक्टरांनी नको म्हटलेलं लोणचं चोरून खातात. काकूंच्या घरात आजच माणूस गेलंय हे आठवून मी संकोचाने थांबले.

"थांबलीस कशाला?" त्या म्हणाल्या. "आजून सांग."