मावशींना विचारावे

मावशींना आमच्यापैकी कुणाचंही नाव माहीत नव्हतं, तरी ओळखण्यात त्यांची कधी चूक होत नसे. लोणावळ्याजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेसच्या दारात त्या स्टुलावर बसायच्या. शेजारी ताटांची चळत. मुलगा आला की एक नजर टाकायच्या आणि ताट पुढे करायच्या. जो मेसचा नसेल त्याच्यापुढे ताट येत नसे, एवढंच.

नावाऐवजी त्यांनी प्रत्येकाला त्याचं गाव लावलं होतं. "ए उर्से, फुडं सरक." "काय रं तळेगाव, काल सांच्याला कुटं व्हतास?" मी टाकवे बुद्रुकचा. माझ्याच गावचा आणखी एक जण होता, म्हणून तो वरचं टाकवं झाला आणि मी खालचं. खरं तर आमचं घर वरच्या आळीत. मी तसं एकदा सांगूनही पाहिलं.

"आसंल," मावशी म्हणाल्या. "पर पयल्या दिशी तू खालच्या पायरीवर हुबा व्हतास. आता न्हाई बदलायचं."

खालच्या पायरीवर मी उभा होतो तो भीतीने. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. पहिले दोन-तीन दिवस दुसरी भाकरी मागायचाही धीर झाला नाही. मग एका दुपारी मावशींनी दारातूनच वाढप्याला हाक दिली, "त्या खालच्या टाकव्याला लाज वाटतीय. त्याला इचारू नगा, वाढा." सगळी मेस हसली. मी मान खाली घातली आणि पोटभर जेवलो.

मुलं कशी ओळखता, असं विचारलं की त्या म्हणायच्या, "तोंडावर मी जात न्हाई. दाढी केली की तोंड बदालतं. मी हात बघते. ताट घेताना हात खोटं बोलत न्हाई."

शेवटच्या वर्षी आम्हा तिघांना प्रोजेक्ट मिळाला तो नेमका याच कामाचा. तळेगावचा अरविंद, उर्से गावचा ज्ञानोबा आणि मी. वसतिगृहाची नवी इमारत उभी राहत होती, मुलं वाढणार होती. रेक्टर म्हणाले, "मावशी प्रत्येकाशी दोन शब्द बोलतात. रांग पटांगणात जाईल. तुम्ही ओळखणारं यंत्र करा. यंत्र बोलणार नाही." आणि जाता जाता म्हणाले, "ते नीट चाललं तर जूनपासून दाराशी माणूस लागणार नाही."

प्रोजेक्ट मंजूर झाल्याच्या आनंदात ते शेवटचं वाक्य मला खोलीवर गेल्यावर ऐकू आलं. मावशी भाजे गावाच्या वरच्या वाडीतून रोज चालत यायच्या. घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं.

यंत्र सोपं होतं. प्रत्येकाला जाड कागदाचं एक कार्ड, त्यावर सहा जागा. प्रत्येकाची भोकं वेगवेगळ्या जागी. कार्ड फटीत सरकवलं की वरच्या दिव्याचा उजेड भोकांतून खालच्या, उजेड टिपणाऱ्या सेलवर पडायचा आणि फळीवर त्या मुलाचा नंबर पेटायचा. अरविंदने मान म्हणून सहाच्या सहा भोकं असलेलं कार्ड स्वतःला घेतलं.

तीन दिवस यंत्र झकास चाललं. चौथ्या दिवशी मी कार्ड सरकवलं आणि नंबर पेटला अरविंदचा. माझ्यामागे ज्ञानोबा, तोही अरविंद. त्या दुपारी मेसमध्ये एकवीस अरविंद जेवले.

"तरीच म्हनलं," मावशी म्हणाल्या, "तळेगावाला आज भूक लय."

आम्ही पेटी उघडून तारा तपासत बसलो. मावशींनी माझं कार्ड उचलून उजेडाकडे धरलं. "तारा काय बघताय? ह्याला त्याल लागलंय. तेलकट कागदातनं उजेड जातो. आमच्या खिडकीला काचंच्या जागी तसलाच कागद हाय." जेवून आलेल्या हातांनी आम्ही सगळ्यांनीच कार्डं खिशात घातली होती. आणि आम्ही तिघं चार वर्षं पदार्थविज्ञान शिकलो होतो.

"कागुद कशाला पायजे? तेलाच्या डब्याचा पत्रा कापा की," त्या म्हणाल्या, आणि कोठीतून दोन रिकामे डबे आणून दिले.

मला राहवेना. "मावशी, हे चाललं तर तुमचं काम जाईल."

"ठावं हाय. रेक्टरसाहेब माझ्याम्होरंच बोललं." त्यांनी ताटं पुसायला घेतली. "म्हनून काय तुमाला नापास हू देऊ? काप पत्रा. बोट सांबाळ."

पत्र्याची कार्डं एकदाही चुकली नाहीत. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यंत्र पाहिलं, खूश झाले, आणि विचारलं, "एखाद्याचं कार्ड हरवलं तर?"

अरविंद माझ्याकडे पाहू लागला, ज्ञानोबा पेटीकडे. मी म्हणालो, "मावशींना विचारू, सर."

रेक्टर खाकरले. परीक्षक मात्र हसले नाहीत. "मग हे अहवालात का नाही? यंत्राला उत्तर नसेल तिथे कोण देणार, हे लिहायला नको?"

मी तिथेच पेन काढून शेवटच्या पानावर लिहिलं: 'कार्ड हरवल्यास अथवा शंका आल्यास दारातील मावशींना विचारावे. त्यासाठी जेवणाच्या वेळी त्या जागेवर असणे आवश्यक आहे.' परीक्षकांनी खाली सही केली. रेक्टरांनाही करावी लागली. जूनमध्ये पेटी भिंतीवर लागली आणि स्टूल होतं तिथेच राहिलं.

निकाल लागल्यावर निरोप घ्यायला गेलो तेव्हा अहवाल सोबत नेला होता. ते वाक्य मी वाचून दाखवलं. मावशींनी दोनदा वाचायला लावलं.

"म्हंजी पेटीला कळलं न्हाई तर तिनं मला इचारायचं?"

"व्हय."

"मंग तिला सांग, येळंत इचार म्हनावं. दोन वाजता मी जेवाय बसते."

पुढे नोकरीत मी पुष्कळ यंत्रं बसवली, आणि प्रत्येकाचं माहितीपत्रक स्वतः लिहिलं. शेवटची ओळ ठरलेली असते: यंत्राला समजले नाही तर कोणाला विचारावे. बाकीचं पत्रक मी टेबलाशी बसून लिहितो. त्या ओळीतल्या नावासाठी मात्र उठून कारखान्यात दोन दिवस हिंडावं लागतं.