तारी याडी

माझं इंग्रजी चांगलं आहे, याचा मला फार माज होता. इंग्रजीच्या तासाला ओळ वाचायची, लगेच मराठीत अर्थ सांगायचा, पोरांनी माना डोलवायच्या, असला प्रकार मी करणार नव्हते. तासात मराठीचा एक शब्द काढायचा नाही, हा माझा नेम. पोरं टकामका बघत बसायची आणि मी त्याला वातावरणनिर्मिती म्हणायचे.

शाळा कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावर. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. सर कुरुंद्याचे, या शाळेवर पंधरा वर्षं काढलेले. पलीकडच्या खोलीत अंगणवाडी आणि तिथल्या ताई, तांड्यावरच्याच सूनबाई. आम्ही तिघं एकाच हापशाचं पाणी प्यायचो, पण आमचं बोलणं खिचडीच्या तांदळापुढे कधी गेलं नाही. जो तो आपापल्या खोलीचा राजा.

मी सांगलीकडची. नवरा तिकडे नोकरीला, पाच वर्षांची मुलगी सासूबाईंजवळ. दर वर्षी बदलीचा अर्ज भरायचा आणि दर वर्षी यादी खालीवर करून आपलं नाव शोधायचं. कळमनुरीत एक खोली घेतली होती. संध्याकाळी एका माणसापुरतं पीठ मळताना हमखास जास्त व्हायचं, हाताची सवय जात नव्हती. फार एकटं वाटायचं मला. सुरुवातीला मुलगी फोनवर रडायची, पुढे रडेनाशी झाली. ती रडायची तेव्हाच बरं होतं, असं मनात यायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा.

दुसरीत एक मुलगी होती. दिवाळीनंतर टोळीचा ट्रक आला, तिचे आईबाप ऊसतोडीला गेले. तान्ह्या भावाला संगं नेलं, हिला आजीजवळ ठेवलं. त्या दिवसापासून वर्गात तिच्या तोंडून शब्द निघेना. एकदा तिचा चुलता शाळेत आला आणि दारातूनच सरांना म्हणाला, "गुर्जी, पोरगी बोलत बी न्हाई, लिहीत बी न्हाई. मंग काहून ठिवायची हितं? तिची माय आली की सांगतो, पुढच्या सालापासून संगं घेऊन जा. लेकरू तरी सांभाळील."

मला राग आला, पण चुलत्याचा नाही, त्या पोरीचाच. मी इतकी घसा फोडते आणि ही पालथा घडा! त्यात तिची एक खोड होती. कुठलाही धडा किंवा खेळ सुरू करताना मी टाळी वाजवून विचारायचे, 'आर यू रेडी?' बाकीची पोरं 'येस मॅडम' म्हणून खोली डोक्यावर घ्यायची. ही दाराकडे बघायची. रोज, न चुकता, दाराकडे.

पौषातली गोष्ट. मी टाळी वाजवली, विचारलं, आणि तिची मान वळलीच. माझा तोल सुटला. मराठी न बोलण्याचा नेम मोडून मी ओरडले, "दारात काय तुझी आई उभी आहे का?"

ती उठली आणि खरंच दारात जाऊन उभी राहिली. मग पायरी उतरून अंगणात गेली, रस्त्याकडे बघायला लागली.

अंगणवाडीतून ताई आल्या. त्यांनी तिला जवळ घेऊन गोरमाटीत, म्हणजे तांड्याच्या बोलीत, काहीतरी विचारलं. पोरगी बोलली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी तिचा आवाज ऐकला, चांगला खणखणीत होता. ताईंना आधी हसू आलं, मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मॅडम, तुमी रोज तिच्या मायचं नाव घेऊन राहिल्या."

"मी? मी कशाला घेऊ?"

"आमच्यात मायला याडी म्हंतेत. तारी याडी, म्हंजे तुही माय. तुमी टाळी वाजवून म्हंता ना ते, भरभर... तिला ऐकू येतं, तारी याडी. तिला वाटतं, मॅडम सांगून राहिल्या, तुही माय आली."

आर यू रेडी. तारी याडी. मी मनातल्या मनात दोन-चारदा भरभर म्हणून पाहिलं आणि खुर्चीवर बसून राहिले. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय? मी तिला मंद समजत होते. ती बिचारी रोज दहा वेळा आईची वाट बघत होती, आणि दहाही वेळा मीच तिला फसवत होते.

मधल्या सुट्टीत सरांना सांगितलं. वाटलं, हसतील. ते म्हणाले, "मॅडम, पंधरा साल झाले मला हितं. मी मराठीतून शिकवतो आन् समजतो का लेकरांना समजून राहिलं. त्यांना मराठी बी परकीच हाय, ह्ये मला बी कुनी सांगितलं न्हाई. आन् मी तरी कुटं इचारलं?"

त्यानंतर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही तिघं अंगणवाडीच्या सतरंजीवर बसायला लागलो. ताई गोरमाटी शब्द सांगायच्या, सर मराठी लिहायचे, मी इंग्रजी. भांडणंही झाली. ताई म्हणाल्या बाटी, सरांनी लिहिलं भाकरी, मी लिहिलं ब्रेड. सर भडकले. "भाकरीला ब्रेड? ब्रेड मानूस दवाखान्यात खातं, मॅडम." शेवटी भाकरी इंग्रजीतही भाकरीच राहिली. सोमवारी धडा सुरू करायच्या ताई, त्यांच्या मागून सर, शेवटी मी. टाळीचा प्रश्न मी सोडून दिला. तीन माणसं एकाच वर्गात उभी बघून पोरांना लग्नघरासारखी मजा वाटायची. मलाही वाटायची, खोटं कशाला सांगू. शनिवारचं दुपारचं जेवण मी त्या दोघांबरोबर करायला लागले.

पोरगी आधी ताईंशी बोलायला लागली, मग मराठीत सरांशी. शिवारात हळद शिजायला लागली, त्या दिवसांत तिनं मला शेळी दाखवून सांगितलं, 'धिस इज माय गोट.' मी तिला विचारलं, आई कुठल्या कारखान्यावर गेली? तिनं नाव सांगितलं. माझ्या माहेरापासून तासाभराच्या वाटेवरचा कारखाना! लहानपणी आमच्या गावाबाहेर ऊसतोडीवाल्यांच्या खोपी पडायच्या. त्यांची सगळी लेकरं कुठे असतील, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आता तिची याडी माझ्या मुलखात होती आणि मी तिच्या. ते ऐकल्यावर ती पोरगी मला माझ्या मुलीहून वेगळी दिसेना.

पाडव्याच्या आसपास टोळी परतली. दुसऱ्याच दिवशी चुलता तिच्या आईला घेऊन शाळेत आला. आई उन्हानं रापलेली, बोटांना पानांनी कापल्याच्या चिरा, काखेला बाळ. पोरगी तिच्या पदराला चिकटली ती सुटेना. जणू आम्हा तिघांचीच परीक्षा. ताईंनी गोरमाटीत विचारलं, सरांनी मराठीत, मी इंग्रजीत. पोरगी पदर न सोडता बोलली, तिन्ही भाषांत बोलली. माझी शाळा, माझी शेळी, माझा भाऊ. शेवटी आईकडे बोट करून मोठ्यानं म्हणाली, 'शी इज माय मदर.'

आईला कळलं नाही. ताईंनी सांगितलं. ती बाई रडली, हसली, पोरीच्या तोंडावरून हात फिरवून तिनं बोटं कडाकडा मोडली. मग मोडक्या मराठीत सरांना म्हणाली, "मंग हिला न्हाई नेत, गुर्जी. माज्यासारखं कोयता न्हाई देत हातात. हितंच राहू दे. शिकू दे." सरांनी माझ्याकडे बघून मूठ आवळली, पोरानं सामना जिंकावा तशी. मला तर नाचावंसं वाटत होतं.

पोरीनं वर बघून ताईंना काहीतरी विचारलं. हळू, एकच वाक्य.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

ताईंनी दुसरीकडे बघत सांगितलं, "म्हंती, मी बोलले नसते तर मायनं मला संगं नेलं असतं का?"

उत्तर हो असं होतं. ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिला ते कुणीच सांगितलं नाही.