मी टोपी काढली आणि परतूरचे दादा गेले

मी आयुष्यात एकच फेल्ट हॅट विकत घेतली आणि पहिल्याच दिवशी तिने परतूरचा एक जिवंत म्हातारा मारला.

(म्हातारा त्यानंतर बरीच वर्षं जगला. पण त्यात हॅटचा हात किती, हे पुढे येईलच.)

त्या दिवसांत हैदराबाद राज्याची वाटणी चालली होती. तेलुगू मुलूख आंध्राकडे, कानडी म्हैसूरकडे, मराठवाडा मुंबईकडे. सरकारी माणसांचीही वाटणी होत होती. कुणी कुठल्या राज्यात जायचं याचे हुकूम रोज निघत. मी बांधकाम खात्यात कारकून, माझ्या वाट्याला हैदराबादच आलं. अशा वेळी टोपी ही मोठी जोखमीची वस्तू झाली होती. काळी टोपी घातली की ऑफिसातले तेलुगू मित्र विचारत, "एमंडी, औरंगाबादला कधी निघता?" पांढरी घातली की हेडक्लार्कना वाटे, हा पुढारी व्हायला निघाला. वडिलांची शेरवानीवरची लाल रुमी टोपी ट्रंकेत पडून होती, पण ती घातली असती तर सगळेच पक्ष माझ्याविरुद्ध एक झाले असते. डोक्यावर काय आहे ते बघून डोक्यात काय आहे ते ठरवायचे दिवस होते ते. बरं, बोडकंच फिरावं, तर आई दारात आडवी येई. "टोपी घाल आधी. असा गेलास तर लोक समजतील, घरात कोणी गेलं!"

आईचं हे वाक्य मी रोज ऐकत होतो. ऐकून सोडून देत होतो.

त्यातच माझं लग्न निघालं. विद्यानगरच्या परतूरकरांची कुसुम. मी तिला एकदाच पाहिलं होतं. पाहण्याच्या कार्यक्रमात माझ्या वडिलांनी वकिली सवयीने तिला एकामागून एक प्रश्न विचारले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "काका, मी आरोपी आहे का साक्षीदार?" वडिलांनी साक्ष अर्ध्यावर सोडलेली मी प्रथमच पाहिली आणि त्याच क्षणी मनात म्हटलं, लग्न करीन तर हिच्याशीच. पण तिचे वडील महसूल खात्यात, त्यांना औरंगाबादचा हुकूम आला होता. सामान बांधायला घेतलं होतं. होकार-नकार काय तो हैदराबाद सोडण्यापूर्वी व्हायचा होता, कारण तिकडे औरंगाबादेत एक डॉक्टर मुलगा तयार होता. आणि परतूरकरांच्या घरात ज्यांचा शब्द चाले त्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे कुसुमच्या आत्याबाईंनी, माझ्याबद्दल मत दिलं होतं: "मुलगा वाईट नाही. पण फार कारकुनी दिसतो."

रविवारी दुपारी परतूरकरांनी मला एकट्याला चहाला बोलावलं. शेवटची परीक्षा! आदल्या संध्याकाळी मी तडक आबिड्सच्या बाजारात टोप्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदार म्हातारे मियाँ होते. मी म्हटलं, "टोपी चाहिए. ऐसी, जो किसी की न हो."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "शादी का मामला है क्या मियाँ?"

"हौ."

"तो फेडोरा ले लो."

त्यांनी काठाच्या तीन फेल्ट हॅट पुढे ठेवल्या. पहिली घातली ती कानांनी अडवली म्हणून थांबली, नाहीतर गळ्यात आली असती. दुसरी डोक्यावर बसेचना, नुसती टेकून राहिली. तिसरी मात्र राखी रंगाची, काळ्या फितीची, अशी बसली की आरशातल्या माणसाला मीच सलाम करणार होतो. मियाँनी तिची कड समोरून जराशी खाली ओढली आणि मागे सरकून म्हणाले, "माशाल्ला! कल तक कारकून थे, आज कलेक्टर हो गए."

कारकुनी दिसणं गेलं, हे त्यांनी मी न सांगता ओळखलं होतं. मी टोपी घेतली. निघताना त्यांनी टोपीबरोबर इल्मही दिला. "देखो मियाँ, पहनना तो सबकू आता. शान उतारने में है. बड़े लोगां के घर गए तो दरवाजे पेच उतारना, सीने से लगाना, सर झुकाना, और दो घड़ी कुछ नक्को बोलना. साहब लोगां ऐसाच करते थे."

घरी आलो. आई बघतच राहिली. "हे काय पातेलं पालथं घातलंस?"

वडिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "असा साक्षीदार पिंजऱ्यात आला तर मी उलटतपासणी घेत नाही. खोटं बोलणार हे न्यायाधीशांना दिसतंच."

पण मी हरलो नाही. दारामागे उभं राहून मी ती अदा घोटली: उतारना, सीने से लगाना, सर झुकाना. सगळ्यात अवघड गप्प राहणं, तेही जमलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या चिक्कडपल्लीतून निघालो तेव्हा रिक्षावाल्याने न सांगता सीट पुसली. समोरच्या तेलुगू बाईंनी नवऱ्याला हाक मारून बाहेर बोलावलं. "दोरगारू, नमस्कारम!" ते म्हणाले, आणि मी मान किंचित हलवली, साहेब हलवतात तशी. विद्यानगरला तेव्हा अर्धी घरं आणि अर्धे खडक होते. एका खडकाआड मी रिक्षा थांबवली, कड पुन्हा खाली ओढली आणि रुबाबात परतूरकरांचं फाटक उघडलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. परतूरकरांचे वडील, म्हणजे कुसुमचे आजोबा, परतूरला गावी असत. त्यांना सगळे दादा म्हणत. दम्याने बरेच दिवस बेजार होते. परतूरकरांकडे टेलिफोन नव्हता, आमच्याकडे वडिलांच्या वकिलीमुळे होता. म्हणून ठरलं होतं की दादांचं काही बरंवाईट झालं तर परतूरहून ट्रंककॉल आमच्याकडे यायचा आणि आमच्यातल्या कुणीतरी निरोप घेऊन विद्यानगरला जायचं. हे मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं! पण डोक्यात त्या दिवशी दुसरं काही मावण्याजोगी जागा नव्हती.

ओट्यावर आत्याबाई उभ्या होत्या. मी समोर गेलो. टोपी उतरवली. छातीशी धरली. मान खाली घातली. गप्प उभा राहिलो.

त्यांनी आधी माझं बोडकं डोकं पाहिलं, नंतर खाली गेलेली मान. मग आत्याबाईंनी असा हंबरडा फोडला की खडकांवरचे कावळे उडाले.

"अगं माय गं! दादा गेले!"

घरातून सगळे धावत आले. परतूरकर दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. मी हादरलो. माझ्या मनात आलं, अरेरे, आपण नको त्या वेळी आलो, यांच्याकडे नुकतीच तार आलेली दिसते! टोपी अजून छातीशी होती आणि मान खाली, तेव्हा प्रसंगाला शोभेल अशी माझी तयारी आधीच झालेली होती. मी पुढे होऊन परतूरकरांच्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा. वय झालं होतं. सुटले."

झालं! आता शंकेला जागा उरली नाही.

"तुम्ही होता म्हणून कळलं," परतूरकर माझा हात धरून रडत म्हणाले. शोकात माणूस काहीही बोलतो असं समजून मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मग घर कामाला लागलं. माझ्यासाठी केलेला शिरा चुलीवरून उतरवून गाईला गेला. (वासावरून त्यात बदाम होते.) शेजारच्यांना तारघरात पिटाळलं, तारेचा मजकूर होता, "निघालो. माझ्यासाठी थांबावे." सगळ्यांनी डोक्यावरून गार पाणी घ्यायला सुरुवात केली. आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हीही घ्या अंघोळ. आता तुम्ही परके थोडेच?"

हे ऐकून, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. कारकुनी दिसणाऱ्या माणसाला आत्याबाई आपला म्हणाल्या! विहिरीवर माझ्यावर दोन बादल्या रिकाम्या झाल्या. कपडे ओले झाले म्हणून परतूरकरांचा पंचा मिळाला. इकडे आत्याबाई भावाला सांगत होत्या, "गाडीत बसायच्या आधी मिशी उतरवून घे. तिथं पोचल्यावर न्हावी मिळेल न मिळेल. थोरला मुलगा आहेस."

परतूरकरांच्या मिशा म्हणजे महसूल खात्याचा दरारा होता. त्यांच्याच जोरावर त्यांनी तालुके चालवले होते. कोपऱ्यावरचा न्हावी आला आणि परतूरकर डोळे मिटून ओट्यावर बसले.

मी मागच्या अंगणात उभा. अंगाला पंचा, डोकं ओलं आणि वर हैदराबादचं ऊन. टोपी विहिरीच्या कठड्यावर कोरडी होती. मी ती घातली. त्याच वेळी कुसुम पाणी भरायला आली.

तिने मला पाहिलं. डोळे रडून लाल झाले होते, तरी ओठ हलले. पंचा आणि फेडोरा हे एकत्र पाहून हसू दाबणं कुणालाही कठीणच गेलं असतं. पण लगेच तिच्या कपाळाला आठी पडली.

"निरोप घेऊन आलेला माणूस परत टोपी घालत नाही," ती हळूच म्हणाली. "ट्रंककॉल किती वाजता आला तुमच्याकडे?"

"कसला ट्रंककॉल?"

"दादांचा."

"आमच्याकडे नाही आला. तुमच्याकडे तार आली ना?"

"आमच्याकडे? तुम्हीच तर बोडक्याने मान खाली घालून आलात!"

आईचं वाक्य मला तेव्हा आठवलं. अगदी शब्दन् शब्द.

"मग दादा...?" मी म्हटलं.

"दादा जिवंत आहेत!" ती ओरडली आणि ओट्याकडे धावली. "बाबा, थांबा! थांबा!"

बाबा थांबले, पण डावी मिशी गेल्यावर. उजवी अजून महसूल खात्यात होती. न्हाव्याने वस्तरा पुसत अदबीने विचारलं, "बाकी की रखूँ क्या निकालूँ, साब?"

त्यानंतर परतूरकर जे बोलले ते इथे लिहिता येत नाही. जे लिहिता येतं ते असं: बाप जिवंत असताना मिशी उतरवण्याचा अभद्रपणा त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केला नव्हता, ज्याला टोपी कधी काढावी ते कळत नाही त्याला मुलगी देणार नाही, आणि औरंगाबादचा डॉक्टर टोपी मुळीच वापरत नाही.

"बाबा, मिशी वाढेल परत," कुसुम म्हणाली. "हे स्थळ परत येणार नाही."

"येऊच नये!" परतूरकर गरजले. त्यांचा हात नसलेल्या मिशीला पीळ द्यायला गेला आणि तसाच खाली आला.

मी ओल्या कपड्यांचं बोचकं काखेत मारून, पंचा आणि फेडोरा अशा थाटात चिक्कडपल्लीला परतलो. रिक्षावाल्याने या खेपेला सीट पुसली नाही. वडील अंगणातच होते. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "निकाल विरुद्ध गेलेला दिसतो." मी आत जाऊन पालथा पडलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. शिऱ्यासाठी नव्हे, कुसुमसाठी.

तिकडे ती तार परतूरला पोचली होती आणि ती सही करून घेतली खुद्द दादांनी. "निघालो. माझ्यासाठी थांबावे." दादा थांबले नाहीत. आपल्याला कुणी मारलं हे बघायला दम्यासकट गाडीत बसले आणि हैदराबादेत काचीगुडा स्टेशनला उतरले. दारात त्यांनी बिनमिशीचा मुलगा (उजवीही शेवटी उतरवावी लागली होती) पाहिला आणि म्हणे इतके हसले की आत्याबाई पुन्हा रडायला लागल्या.

मला त्या टोपीसकट बोलावणं आलं. मी वडिलांची काळी टोपी कानापर्यंत ओढून गेलो. आकाश कोसळलं तरी ती काढायची नाही असं ठरवून गेलो होतो.

"ही नव्हे," दादा म्हणाले. "ती कुठंय, मला मारलेली?"

मी पिशवीतून काढून दिली. दादांनी ती डोक्यावर चढवली, आरसा मागितला, मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग मुलाकडे बघून म्हणाले, "कामून तोंड पाडून बसलास रे? मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, ठाऊक नाही? या पोरानं मला जगवलं. तुझा डॉक्टर काय जगवणाराय? पोरगी याला दे. टोपी मी घेतो."

परतूरकरांनी पंचांग मागवलं. आत्याबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "कारकुनी दिसतो तेच बरं म्हणायचं." दाराआड कुसुमच्या बांगड्या वाजल्या आणि माझ्या जिवात जीव आला.

आमच्या लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या बांधलेला मी एका कडेला आहे. सासऱ्यांच्या ओठावर जेमतेम खुंट फुटले आहेत. मध्यभागी धोतर, कोट आणि राखी फेडोरा घातलेले दादा बसले आहेत. त्यात नवरदेव कोणता, असं विचारलं की नातवंडं बिनदिक्कत त्यांच्याकडे बोट दाखवतात.

आता माझ्या डोक्यावर टोपीही नाही आणि केसही नाहीत. कुणाकडेही गेलो तरी बोडकाच. त्यामुळे नातलगांच्या घरी मी फाटकातूनच मोठ्याने ओरडतो, "कुणी गेलं नाही हो, मी आलोय!"

मागून कुसुम दर वेळी म्हणते, "काही जणांना या दोन्हींत फारसा फरक वाटत नाही."